हलत्या चित्रांची शाळा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी चित्रकार नव्हे, वक्ता तर नव्हेच. एक चूक करून शहाणी झालेली आई, एवढ्याच अधिकारावर आज चार शब्द बोलणार आहे.

दोन वर्षांपूर्वी बारावी झाल्यावर आमची धाकटी म्हणाली, "आई, मला अॅनिमेशन शिकायचंय." कार्टून काढून पोट भरते का, हा प्रश्न तिच्या वडिलांच्या चेहऱ्यावर दिसत होता, माझ्या मनातही तोच होता. पण तिचे मन मोडवेना. स्टेशनजवळच्या एका क्लासात गेलो. चकचकीत जागा, ओळीने मांडलेले संगणक आणि वर नोकरीची हमी! मुदतठेव मोडून मी वर्षाची फी एकरकमी भरली. वर्षभरात मुलगी संगणकाची बटणे शिकली. माणूस चालतो कसा, हे मात्र तिला कोणी शिकवले नाही. त्या हमीचे काय झाले, ते विचारूच नका.

मग मी चौकशीला लागले. आधी करायचे ते नंतर केले. निदान तुमच्या उपयोगी पडावे, म्हणून सांगते.

पडद्यावर एका सेकंदात २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. एकेक चित्र दोनदा वापरले तरी सेकंदाला १२, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे लागतात. संगणकाने श्रम पुष्कळ वाचतात. पण डोक्यावर हंडा घेतलेली बाई पाऊल कसे टाकते, हे डोळ्यांनी पाहूनच शिकावे लागते.

आपल्याकडे हे शिक्षण आजचे नाही. १९५६ साली डिस्नेच्या स्टुडिओत काम केलेले क्लेअर वीक्स मुंबईस आले आणि फिल्म्स डिव्हिजनमधील आपल्या चित्रकारांना त्यांनी ही विद्या शिकवली. त्या तालमीत तयार झालेले राम मोहन पुढे या कलेचे मोठे गुरू ठरले. बायकाही यात मागे नाहीत. 'एक अनेक और एकता' हा १९७४ चा चित्रपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला. गीतांजली राव तर जे. जे. मध्ये उपयोजित कला शिकल्या, अॅनिमेशन काम करता करता शिकल्या, आणि त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' २००६ साली कान महोत्सवात गौरवला गेला.

आता वाटा कोणत्या? अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत बारावीनंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तिथे दोन टप्प्यांची प्रवेशपरीक्षा असते. मुंबईच्या आयआयटीत डिझाइनची पदवी आहे. तिची परीक्षा 'यूसीड'. दोन्हींकडे बारावीची शाखा कोणतीही चालते. दुसरी वाट जे. जे. सारख्या कलाशाळेची : आधी हात तयार करायचा, मग अॅनिमेशनकडे वळायचे. तिसरी खाजगी क्लासची. सगळेच क्लास वाईट, असे मी म्हणणार नाही. पण फी भरण्यापूर्वी तिथल्या मुलांनी केलेले काम पाहायला मागा, शिकून गेलेल्या दोघांशी बोला आणि चित्रकलेचे तास किती, ते विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर पर्स उघडू नका.

आणि त्याही आधी मुलीला घरीच दहा सेकंदांचा चित्रपट करू द्या. 'ब्लेंडर' नावाची संगणकप्रणाली फुकट मिळते. 'फ्लो' हा २०२४ चा चित्रपट तिच्यावरच झाला आणि २०२५ साली त्याला ऑस्कर मिळाले. दहा सेकंदांसाठी १२० चित्रे काढूनही मुलीचा उत्साह टिकला, तर तिची ओढ खरी समजा.

आमची मुलगी आता रोज सकाळी वही घेऊन भाजीबाजारात बसते. कोथिंबिरीची जुडी बांधणारे हात, पिशवी सावरणाऱ्या बायका, सगळे टिपते. गेल्या वर्षी अहमदाबादच्या परीक्षेत ती दुसऱ्या टप्प्यावर अडली. त्या दिवशी घरात कोणी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांनीच नवी वही आणून तिच्यापुढे ठेवली, न बोलता. यंदा ती पुन्हा बसली आहे. निकाल यायचा आहे.

तो काहीही लागो. आता 'पोट भरते का' असे मी तिला विचारणार नाही. "आज काय पाहिलंस?" एवढेच विचारीन. तुम्हीही आपल्या लेकींना तेवढे विचारा, अशी विनंती करून आपली रजा घेते.