चित्रशाळेचे उघडे दार
(स्नेहसंमेलनातील भाषण)



मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झाले, ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीमुळे. तेथील वार्षिक प्रदर्शन सर्वांस खुले असते. हे ठाऊक असूनही शिक्षक असताना आम्ही मुलांस तेथे कधी नेले नाही. उलट, वहीच्या समासात चित्रे काढणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्ही छडी मारिली. निवृत्तीनंतर ते प्रदर्शन पाहिले, तेव्हा एका रेखाटनापुढे तो मुलगा आठवला आणि आमची मान खाली गेली.

पालकांस एवढीच विनंती : कलाशाळांतील प्रदर्शने, व्याख्याने, प्रात्यक्षिके मुलांस दाखवा, त्यांचा ओढा पाहा आणि मगच त्यांचा मार्ग ठरवा. आमच्या हातून झाली ती चूक आपल्या घरी न होवो.