छोटी लाइन, मोठी लाइन
(माजी विद्यार्थी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी कोणी डॉक्टर आहे, कोणी संत्र्याची बाग सांभाळतं, कोणी बँकेत आहे, कोणाचं इतवारीत दुकान आहे. तुम्ही काय करता ते एका वाक्यात सांगता येतं. माझी पंचाईत अशी की, "अगं, तू कॉम्प्युटरमध्ये नेमकं काय करतेस?" या प्रश्नाला मला गेली पंचवीस वर्षं धड उत्तर देता आलेलं नाही. आमच्या घरीसुद्धा "ती सॉफ्टवेअरमध्ये आहे" एवढ्यावरच विषय संपतो. संयोजकांनी पंधरा मिनिटं दिली आहेत, तर आज ते उत्तर देऊन टाकते.

नागपूरकरांना समजवायला मला एक सोयीची गोष्ट सापडली आहे. आपल्या लहानपणी छिंदवाड्याला किंवा नागभीडला जायचं तर छोट्या लाइनची गाडी होती. तिच्या दोन रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. मुंबई-हावड्याच्या मोठ्या लाइनचं १६७६ मिलिमीटर. दोन्ही गाड्या इतवारी स्टेशनात यायच्या, पण छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर चालूच शकत नव्हता. माल पुढे पाठवायचा तर इकडच्या डब्यातून उतरवून तिकडच्या डब्यात चढवायचा. पोती मोजायची, पावती फाडायची, ओलं काय, फुटणारं काय ते बघायचं. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात ती इंजिनं अजून बघायला मिळतात. नातवंडांना जरूर दाखवा.

कॉम्प्युटरच्या आतही अशा दोन लाइनी आहेत. एक जुनी. सी किंवा फोर्ट्रानसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, त्याचं थेट यंत्राच्या भाषेत रूपांतर करून ठेवायचं. याला आम्ही नेटिव्ह कोड म्हणतो. तो वेगवान असतो, पण मेमरीतली जागा मागणं, वापरणं, परत करणं हे सगळं त्याचं त्यालाच करावं लागतं. दुसरी लाइन नवी. जावा १९९५ साली आली, डॉट नेट आणि त्याच्यासोबतची सी-शार्प भाषा २००२ साली. इथे प्रोग्रॅमच्या मागे एक कारभारी सतत उभा असतो. जागा तोच देतो, वापरून झालेलं तोच आवरतो, आणि आवरताना सामान इकडचं तिकडे सरकवतोही. याला मॅनेज्ड कोड म्हणतात.

आता नव्या लाइनच्या प्रोग्रॅमला जुन्या लाइनवरचं एखादं काम करून घ्यायचं असेल, तर माल बदलावा लागतो. आकडे, नावं, तक्ते एका डब्यातून दुसऱ्या डब्यात. या कामाला आमच्याकडे मार्शलिंग म्हणतात, आणि गंमत म्हणजे हा शब्द रेल्वेतही आहे. डबे लावून गाडी तयार करतात ते मार्शलिंग यार्ड. तर मी त्या यार्डातली हमाल आहे, असं समजा. झालं उत्तर.

"मग जुनी लाइन उखडून का टाकत नाही?" असं कोणी विचारेल. कारण ती उत्तम चालते. आपली मुलं पायथॉन शिकतात आणि एका ओळीत समीकरणं सोडवून मोकळी होतात. पडद्यामागे ती गणितं अनेकदा लॅपॅक नावाची लायब्ररी करते. ती १९९२ साली प्रसिद्ध झाली, फोर्ट्रानमध्ये लिहिलेली. तीस वर्षांत जगभरच्या लोकांनी तिच्यातल्या चुका शोधल्या आणि सुधारल्या. ती नव्याने लिहायची म्हणजे त्या सगळ्या चुका पुन्हा पहिल्यापासून करायच्या. मात्र तिच्याशी बोलताना रीत पाळावी लागते. गणिताचे सर आपल्याला मॅट्रिक्स शिकवताना ओळीने वाचायला लावायचे, डावीकडून उजवीकडे. सी भाषा तसंच वाचते. फोर्ट्रान स्तंभाने वाचते, वरून खाली. हे विसरून आकडे दिले तर कुठेही तक्रार येत नाही. उत्तर येतं, आणि ते चूक असतं.

दुसरं उदाहरण आपल्या मराठीच्या बाईंसाठी. बाई आपल्याला 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यातला फरक समजावून सांगायच्या. एका ठिकाणी रफार, एका ठिकाणी आडवा र. एक चुकला तर गुरुजींच्या जागी स्वयंपाकी. आज तुम्ही अँड्रॉइड फोनवर मराठी निरोप वाचता, तेव्हा ते ॲप बहुधा जावा किंवा कोटलिन भाषेत लिहिलेलं असतं, म्हणजे नव्या लाइनवरचं. पण कुठल्या अक्षराला कुठे रफार द्यायचा, कुठे जोडाक्षर करायचं, हे काम हार्फबझ नावाची सी-प्लस-प्लसमधली नेटिव्ह लायब्ररी करते. मूळचे इराणी असलेले बेहदाद एस्फाबोद यांचं त्यात मोठं काम आहे. म्हणजे आपल्या बॅचच्या ग्रुपवरची प्रत्येक "शुभ सकाळ" पडद्यावर येण्याआधी या लाइनीवरून त्या लाइनीवर जाऊन येते. त्या ग्रुपवर सकाळी किती वाहतूक असते, ते मी सांगायला नको.

आपण दहावी झालो त्याच १९९१ साली भारतीय लिप्यांचं इस्की हे मानक भारतीय मानक ब्युरोने ठरवलं आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. त्यात देवनागरी होती. तरीही हा माल बदलताना आपली अक्षरं अजून सांडतात. हे नुसतं दिसण्यापुरतं राहत नाही, हे सांगण्यासाठी एक अनुभव सांगते. नावं घेणार नाही.

काही वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका प्रयोगशाळेने मला बोलावलं. आपल्या भागात सिकलसेलचा प्रश्न किती मोठा आहे, हे इथल्या डॉक्टर मंडळींना माहीतच आहे. तिथलं तपासणीचं यंत्र चांगलं होतं, त्याच्याशी बोलणारी सी भाषेतली जुनी लायब्ररीही चांगली होती. एका कंपनीने त्यावर सी-शार्पमध्ये नवा, देखणा प्रोग्रॅम बसवला होता. चाचणी सुरू होती, अजून एकही रिपोर्ट बाहेर गेलेला नव्हता. तक्रारी दोन होत्या.

पहिली, रुग्णाच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं छापून येत होती. 'सुमित्रा' असं नाव घातलं की आठ प्रश्नचिन्हं. कारण साधं. सी-शार्पच्या बाजूला अक्षरं युनिकोडमध्ये होती. सी-शार्पमधून नेटिव्ह लायब्ररीला हाक मारताना मजकूर कसा न्यायचा हे सांगितलं नाही, तर विंडोजवर तो जुन्या, एकेका बाइटच्या पद्धतीने नेला जातो. त्या पद्धतीच्या यादीत देवनागरी नाहीच. जे अक्षर यादीत नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्ह.

कंपनीच्या मुलांनी मग यूटीएफ-८ वापरून पाहिलं. नाव दिसायला लागलं, पण अर्धवट. सी-लायब्ररीत नावासाठी जागा होती २० बाइटची. इंग्रजी नावाला ती पुष्कळ. पण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. 'सुमित्रा'त स, उकार, म, वेलांटी, त, हलन्त, र आणि काना अशी आठ चिन्हं आहेत, म्हणजे २४ बाइट. डबा भरला आणि 'र' मधोमध तुटला.

दुसरी तक्रार गंभीर होती. ती तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी केली. प्रयोगशाळेत रोज कंट्रोल नमुना लावतात, ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं. ताई म्हणाल्या, "मॅडम, यंत्राच्या पडद्यावर ३५.५ टक्के दिसते, अन् कॉम्प्युटरवर शून्य येते." काही नमुन्यांत भलताच मोठा आकडा येत होता. तसा आला की कोणीही थांबेल. पण सिकल हिमोग्लोबिन शून्य, हे तर निरोगी माणसाचं उत्तर! ते कोणाच्या डोळ्यात खुपलं असतं?

कारण शोधलं. सी-लायब्ररी प्रत्येक नमुन्याची माहिती १६ घरांत देत होती. पहिल्या चार घरांत नमुना क्रमांक, पाचव्यात एक खूण, शेवटच्या आठ घरांत निकालाचा आकडा. मधली तीन घरं रिकामी. कारण आठ घरांचा आकडा आठाच्या पटीतल्या जागेवरून सुरू करायची सी कंपायलरची सवय असते. सी-शार्पच्या बाजूला मात्र लिहिलं होतं की सगळं खेटून ठेवलेलं आहे, मधे जागा नाही. त्यामुळे तो प्रोग्रॅम सहाव्या घरापासून वाचत होता. तीन रिकामी घरं आणि निकालाची पहिली पाच घरं. ३५.५ हा आकडा त्या यंत्रात असा मांडला जातो की त्याच्या पहिल्या पाचही घरांत शून्यच असतं. म्हणून शून्य, अगदी स्वच्छ शून्य. यंत्र बरोबर, जुनी लायब्ररी बरोबर, नवा प्रोग्रॅमही आपल्या परीने बरोबर. घोटाळा फलाटावर.

दुरुस्ती एका ओळीची होती. नावांच्या बाबतीत मी सुचवलं की नाव पलीकडे नेऊच नका. यंत्राला नावाशी काय करायचंय? फक्त नमुना क्रमांक पाठवा, निकाल आला की नाव इकडेच जोडा. लाइन बदलताना जितका माल कमी, तितकं सांडणं कमी.

याच कामातली तिसरी गोष्ट घरोघरी कळेल अशी आहे. शेजारणीकडून भांडं आलं, तर ते परत कोणी करायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं. इथेही जागा ज्याने दिली, त्यानेच ती आवरायची. नेटिव्ह लायब्ररीने दिलेली जागा नव्या लाइनचा कारभारी ओळखत नाही. ती कोणीच परत केली नाही, तर मेमरी हळूहळू भरत जाते आणि प्रोग्रॅम कधीतरी रात्री दोन वाजता बंद पडतो. उलट, आपली जागा पलीकडच्याला वापरायला दिली असेल, तर कारभाऱ्याला बजावून ठेवावं लागतं की, काम होईपर्यंत हे हलवू नको.

असे घोटाळे फक्त आपल्याकडेच होतात असं कोणी समजू नये. ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान-५ हे अग्निबाण पहिल्याच उड्डाणात साधारण ४० सेकंदांत नष्ट झालं. एरियान-४ साठी लिहिलेला, तिथे नीट चाललेला प्रोग्रॅम त्यात तसाच घेतला होता. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांच्या जागेत घालायचा होता, जिथे ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. नवं अग्निबाण जास्त वेगवान होतं, आकडा मोठा झाला आणि मावला नाही. मोठ्या लाइनचा माल छोट्या डब्यात.

आता सोयी वाढल्या आहेत. जावात पूर्वी १९९७ पासूनच्या जेएनआयने हे काम करताना सी भाषेत बरीच खटपट करावी लागे. मार्च २०२४ मध्ये आलेल्या जावा २२ मध्ये त्यासाठी नवी, अधिक सुरक्षित सोय पक्की झाली. पण समोरच्याने माल कसा रचला आहे, हे विचारायचं काम अजून माणसाचंच आहे.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, पतसंस्था आहे, गोदाम आहे. उद्या तुमच्याकडे कोणी नवा प्रोग्रॅम बसवायला येईल. त्याला तीन गोष्टी विचारा. मराठी नाव घालून, छापून दाखवतोस का? मोठ्यात मोठा आकडा घातला तर काय होतं? आणि ज्याचं उत्तर आम्हाला आधीच माहीत आहे, असं एक उदाहरण आमच्यासमोर करून दाखवतोस का? हे विचारायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. त्या तंत्रज्ञ ताईंनाही प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. त्यांनी फक्त ताळा केला होता.

सर, तुम्ही उत्तराखाली ताळा नसेल तर अर्धा मार्क कापायचात. आमची त्यावरून तुमच्याशी पुष्कळ हुज्जत व्हायची. त्या अर्ध्या मार्काची किंमत किती, हे मला त्या प्रयोगशाळेत कळलं. सभागृहात बसलेल्या सर्व शिक्षकांना माझा नमस्कार.  बाहेर तर्री गरम आहे असं कळतं, तेव्हा इथेच थांबते.