शहराची पाणीपरीक्षा



एखादे शहर पाणी कसे सांभाळते, हा विषय निघाला की आपण प्रथम विचारतो, धरण किती भरले? या कसोटीवर पुण्याइतके भाग्यवान नगर महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट पाणी मावते. २०१६ साली लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने आणलेले पाणी प्यावे लागले. तशी वेळ पुण्यावर आली नाही. परंतु साठा म्हणजे व्यवस्था नव्हे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. नांदेड, किरकटवाडी ही गावे धरणाच्या उंबरठ्यावरची. २०२१ साली ती महापालिकेत आली. हद्द पोहोचली; जलशुद्धीकरण केंद्राचे पाणी पोहोचले नव्हते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन मिसळून ते दिले जात होते. समाजातील शेवटच्या माणसाचा विचार आपण व्यासपीठावरून नेहमी मांडतो. येथे तर तो माणूस नळाच्या शेवटी नसून उगमापाशी राहत होता!

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बांधीव नळाने शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत पाणी आणले गेले. गाळ तलावातच बसावा, पाणी उताराने वाहावे, नळातील हवेला उच्छ्वास असावेत, असा सारा बारकावा त्यात होता. पूर्वजांचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्याच कात्रजच्या बाजूने येणाऱ्या आंबील ओढ्याचे आपण काय केले? भराव टाकले, भिंती बांधल्या, पात्र आवळले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ओढा घराघरांत शिरला आणि कित्येकांचे प्राण घेऊन गेला. पाऊस विलक्षण होता हे खरे, परंतु पाण्याला जायला वाट ठेवली नव्हती हेही तितकेच खरे.

आता ज्या कसोटीची चर्चा सर्वांत कमी होते, तिच्याकडे वळतो. वापरलेले पाणी शहर कोणत्या रूपात परत करते? पुण्याचे सांडपाणी मुठेतून मुळा-मुठेत, तेथून भीमेत आणि उजनी धरणात जाते. सोलापूर शहर उजनीचे पाणी पिते. उजनीखाली पंढरपूर आहे. स्नानाच्या वेळी सप्तनद्यांचे स्मरण करणारे आपण, आषाढीला चंद्रभागेत बुडी मारणाऱ्या वारकऱ्याच्या ओंजळीत काय पाठवतो? मैलापाणी शुद्धीकरणाचे नवे प्रकल्प उभारले जात आहेत, त्यांचे स्वागत आहे. मात्र सारा दोष महापालिकेच्या माथी मारून आपल्याला मोकळे होता येणार नाही. कित्येक मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे शुद्धीकरण यंत्र बसवणे बंधनकारक असते. ते बसतेही, विजेचे बिल वाचवण्यासाठी पुढे बंद ठेवले जाते.

आपल्या इमारतीतले यंत्र चालू आहे की कुलपात, हे येत्या रविवारी वाहनतळात उतरून पाहावे. आणि त्याचा हिशेब पुढच्या सर्वसाधारण सभेत मागावा.