सभासद नाही, तरी नियम लागू
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

28 नोव्हेंबर 1994 रोजी नॉर्वेच्या जनतेने युरोपीय संघात जायला दुसऱ्यांदा नकार दिला. पहिला नकार 1972चा. या खेपेला विरोधात 52.2 टक्के मते पडली. कोळ्यांना आपला समुद्र परक्या बोटींना खुला करायचा नव्हता आणि शेतकऱ्यांना बाहेरचा स्वस्त माल दारात नको होता. ती भीती खरी होती. तिला मी आडमुठेपणा म्हणणार नाही.

पण त्याच वर्षाच्या 1 जानेवारीपासून युरोपीय आर्थिक क्षेत्राचा करार लागू झाला होता. संघाची शेती आणि मासेमारीची धोरणे वगळून बाजारपेठेचे कायदे नॉर्वेने पत्करले. कायदा संघात ठरतो, संयुक्त समिती तो करारात घालते, मग ऑस्लोत तो देशाचा कायदा होतो. मसुदा घडताना नॉर्वेचे तज्ज्ञ बोलू शकतात, मतदानाला मात्र त्यांना जागा नाही. सरकारने नेमलेल्या समितीने 2012 साली हिशेब मांडला : संघाच्या कायद्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश नॉर्वेत आले आहेत.

एवढे का पत्करायचे? सामन मासा पाहा. मासळीला या करारात पूर्ण मोकळीक नाही. ताज्या सामनवर युरोपात 2 टक्के जकात, धुरी दिलेल्यावर 13 टक्के. म्हणून नॉर्वेच्या खाडीत वाढलेला कितीतरी मासा ताजाच पोलंडला जातो, तिथे त्याला धुरी मिळते आणि ती मजुरीही तिथल्याच कामगाराला. बाजाराच्या कडेला उभे राहिले की असे होते. उरलेल्या धंद्यांवर ही पाळी येऊ नये, म्हणून नॉर्वे नियम घेतो.

ग्राहक मोठा असला की त्याचाच नियम चालतो, हे नाशिकच्या बागायतदाराला सांगायला नको. 2010 साली द्राक्षांत सीसीसी या वाढनियंत्रक रसायनाचा अंश सापडला, युरोपात कंटेनर अडकले आणि इथे बागांचे हिशेब कोलमडले. मात्र तो नियम निर्यातीच्या मालापुरता होता. नॉर्वेत संघाचा नियम पोस्टमनच्या फेरीपर्यंत येतो.

2011 साली तिथल्या सरकारने टपालसेवा स्पर्धेला खुली करणारा निर्देश नाकारायचे ठरवले. दूरच्या वस्तीतल्या टपालाची काळजी होती. करारात तसा हक्क आहेच. पण 2013 साली सरकार बदलले आणि तो नकार मागे घेतला गेला.

नॉर्वेने सार्वभौमत्व राखले, असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. समुद्र राखला, हे खरे; पण बाजारपेठेपुरता कायदा घडवण्यातला हात गेला. आणि लोकशाहीत हे नुकसान मी जकातीपेक्षा मोठे मानतो. 1994 नंतर संघात जाण्याबद्दल तिथल्या मतदाराला पुन्हा विचारलेले नाही.