ऊब घरात, वास बाहेर

इंग्लंडमध्ये जुन्या घराचं स्वयंपाकघर मागच्या अंगणात वाढवायची भारी हौस. मधली भिंत पाडली की ओटा, टेबल, सोफा एकाच दालनात. मग जानेवारीत तिथल्या एखाद्या मराठी घरात लसणीची खमंग फोडणी पडते. खिडकी उघडावी तर घर गारठतं, न उघडावी तर सोफ्याला वास आणि काचांवर पाण्याचे ओघळ.

अशा ठिकाणी ऊब परत मिळवणारं वायुवीजन यंत्र बसवतात. बाहेर जाणारी कोंदट हवा आणि आत येणारी ताजी हवा पातळ पडद्यांच्या दोन बाजूंनी वाहते. हवा मिसळत नाही, ऊब मात्र इकडून तिकडे जाते. चांगली यंत्रं 80 टक्क्यांहून अधिक ऊब राखतात.

पण शेगडीवरचा हूड या यंत्राला जोडू नका. तेलकट वाफ आत चिकटून बसते. हूड वेगळाच हवा आणि तोही थेट बाहेर हवा फेकणारा. तिथल्या नियमांनुसार सेकंदाला किमान 30 लिटर. कोळशाची जाळी लावून हवा घरातच फिरवणारे हूड दिसायला देखणे, पण वाफ घरातच ठेवतात. आपल्या स्वयंपाकाला ते कुचकामीच.

जुनं घर फटीफटींतून वारा घेत असेल, तर वायुवीजन यंत्राच्या नळ्या घरभर टाकण्यात पैसा वाया. नव्या खोलीपुरतं भिंतीतलं छोटं यंत्र पुरे. घेताना आवाज जरूर ऐका, आणि त्याची जाळी स्टुलावर न चढता काढता येते का, तेही पाहा.