पंप एक, पाठी अनेक

गटाचा फवारणी पंप एकच असतो, पण तो वाहणाऱ्या पाठी अनेक. काल उंच बाईने सैल केलेले पट्टे आज ठेंगणीने तसेच अडकवले, की पंप खाली लोंबतो आणि खांदे मागे ओढले जातात. म्हणून आज पट्ट्यांबद्दल बोलू.

16 लिटरच्या पंपात पाणीच 16 किलो, वर पंपाचं वजन वेगळं. आपल्या रत्नागिरीच्या चढणीवर ते आणखी जड वाटतं. आम्ही पंप निम्माच भरतो. खेपा वाढतात, पण पाठ टिकते.

भरलेला पंप जमिनीवरून उचलू नका. कमरेइतक्या उंच, भक्कम गडग्यावर ठेवून तिथेच भरा. झाकण घट्ट लावा. दोन्ही हात पट्ट्यांत घालून पाठ पंपाला टेकवा, गुडघ्यांच्या जोरावर उठा. मग दोन्ही पट्टे सारखे ओढा. पट्ट्याला पीळ नको, पंप पाठीला चिकटलेला हवा. कमरपट्टा असेल तर बांधाच, खांद्यावरचा भार कमरेवर उतरतो. तारकर्लीला समुद्रात बुडी मारणारेही हवेची टाकी अशीच पाठीला घट्ट आवळून घेतात.

पट्टा रुतला तर खाली कापडाची घडी घाला. ती औषध शोषते, म्हणून घरच्या कपड्यांत धुऊ नका. हाताला मुंग्या आल्या तर पंप उतरवा. गळका पंप पाठीवर घेऊच नका, औषध कातडीतून अंगात जातं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी फवारणीला जाऊ नये.

गटासाठी नवा पंप घ्याल तेव्हा उंच आणि ठेंगणी, दोघींना दुकानात न्या. दोघींच्या पाठीला बसला, तरच पैसे द्या.