वस्तीचे मत

मतमोजणीच्या दालनात एक दृश्य हमखास दिसते. जाळीपलीकडे उमेदवाराचा प्रतिनिधी केंद्रांच्या क्रमांकांचा कागद मांडून बसलेला असतो. यंत्रावर आकडा उमटला, की तो शेजाऱ्याच्या कानाशी लागतो : ‘ही कोळीवाड्याची पेटी. ही मागच्या चाळीची.’ (पेट्या जाऊन यंत्रे आली, पण शब्द राहिला.) एकेका केंद्रावर सुमारे हजार मतदार असतात. त्यांतील प्रत्येकाचे मत गुप्त असते. त्यांच्या वस्तीचे मत मात्र दुपारपर्यंत सर्वांच्या तोंडी झालेले असते.

वस्तीवरून राजकीय कल ओळखण्याचा उद्योग जुना आहे. आंद्रे सीगफ्रीद या फ्रेंच पंडिताने पश्चिम फ्रान्समधील मतदानावर १९१३ साली एक ग्रंथ लिहिला. व्हांदे प्रांतात ग्रॅनाइटच्या भूमीवर उजव्या पक्षांना मते पडतात आणि चुनखडीच्या भूमीवर डाव्यांना, असे त्यास आढळले. दगड मत देतो असे अर्थातच त्याला म्हणावयाचे नव्हते. ग्रॅनाइटच्या मुलखात घरे विखुरलेली असत आणि जमीनदार व धर्मगुरू यांचा वचक मोठा असे. म्हणजे त्याने शोधला तो शेजार.

आता मतदानाच्या प्रमाणाकडे वळू. पुष्कळ पाश्चात्त्य देशांत सुस्थितीतील लोक अधिक संख्येने मतदान करतात. आपल्याकडे चित्र निराळे दिसते. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात सुमारे ६६ टक्के मतदान झाले. कोल्हापूरलगतच्या करवीर मतदारसंघात ते ८५ टक्क्यांच्या घरात होते आणि मुंबईच्या कुलाब्यात अवघे ४४ टक्क्यांच्या आसपास. ‘शिकलेले लोक आळशी’ असा निवाडा आपण यावर तत्काळ देऊन मोकळे होतो. मीही तो अनेकदा दिलेला आहे. परंतु कुलाब्यात कफ परेडचे उंच मनोरे आहेत, तसे मच्छीमार नगरही आहे. या दोहोंचा मिळून एकच आकडा आपल्या हाती येतो. त्यातून कोण घरी बसला, हे कसे सांगावे? शिवाय शहरात भाडेकरू बिऱ्हाड हलवतो, नोकरदाराची बदली होते. नाव मात्र जुन्या यादीत राहते आणि मतदानाच्या दिवशी तो ‘अनुपस्थित’ ठरतो. खेड्यात भावकी असते. दुपारी तीनपर्यंत कोण यावयाचे राहिले, हे पारावर बसून सांगता येते.

यादीचे माहात्म्य आपल्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्ययास आले होते. १९५१-५२ साली उत्तरेकडील काही राज्यांत असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढेच सांगितले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. टक्केवारी काढताना त्या ना अंशात होत्या, ना छेदात.

वस्तीचे मत उघड होण्याने काय बिघडते? मतपत्रिकांच्या काळी दडपशाहीची भीती असेल, तेथे निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका एकमेकींत मिसळून मोजण्याची तरतूद होती. लोकसभेची २००४ ची निवडणूक देशभर यंत्रांवर झाली आणि प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा दिसू लागला. अनेक यंत्रे जोडून केवळ बेरीज दाखवणाऱ्या ‘टोटलायझर’ची सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली, विधी आयोगाने २०१५ च्या आपल्या २५५ व्या अहवालात तिला पाठिंबा दिला. ती अंमलात आलेली नाही. पक्षांनाही आपला कागद प्रिय असतो. बलस्थान कोठे, उणीव कोठे, हे त्यांना त्यावरून कळते, आणि त्या कुतूहलात काही गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण तोच कागद पुढे पाच वर्षे कोणाच्या तरी खिशात राहतो.

एका तालुक्याच्या गावी असताना एक वृद्ध बाई माझ्याकडे सार्वजनिक नळाचा अर्ज घेऊन आली. गल्लीतल्या पुढाऱ्याने तिला ऐकवले होते, ‘तुमच्या केंद्रावर आम्हांला मते पडली नाहीत; आता नळ कसला मागता?’ मी अर्ज दाखल करून घेतला आणि सहज मतदार यादी मागवली. तीन वेळा पाने उलटली. बाईचे नाव यादीत नव्हतेच.